वार्धक्यातील बौद्धिक ऱ्हास आणि समाज : सामाजिक व मानसिक घटकांचा ऐतिहासिक आढावा (लासलगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवी जीवनातील वार्धक्य ही अटळ अवस्था असली, तरी वार्धक्यात बुद्धी आणि स्मृती यांचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने वेगवेगळे दिले आहे. कधी तो कर्माचा भोग मानला गेला, कधी वयाचा नैसर्गिक परिणाम, कधी मुलाबाळांच्या दुर्लक्षाचे फळ, तर कधी मेंदूचा आजार. मराठी समाजात 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आजही सहजपणे उच्चारली जाते. या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, वय वाढले म्हणजे बुद्धी जाणारच आणि त्याबाबत करण्यासारखे काही नाही. गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाने हे गृहीत मोठ्या प्रमाणात खोटे ठरविले आहे. मेंदूतील बदलांइतकेच शिक्षण, श्रम, कुटुंबातील स्थान, एकटेपणा, नैराश्य, श्रवण व दृष्टी हे घटकही बौद्धिक ऱ्हासाशी निगडित आहेत, असे आता दिसून आले आहे.

हे घटक व्यक्तीच्या जीवनात अचानक निर्माण होत नाहीत. ते इतिहासात घडतात. आज पंचाहत्तर वर्षांची असलेली ग्रामीण स्त्री शाळेत गेली की नाही, याचा निर्णय १९५०-६० च्या दशकात झाला. त्या निर्णयाचे पडसाद तिच्या स्मृतीवर आज उमटत असतील, तर हा विषय वैद्यकशास्त्राबरोबरच इतिहासाच्या अभ्यासकाचाही ठरतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर परिचित असलेले गाव. बाजार, शेती, शिक्षण आणि स्थलांतर यांचे विसाव्या शतकातील अनेक प्रवाह येथे एकत्र आलेले दिसतात. म्हणून या गावाच्या संदर्भात सदर विषयाचा विचार करणे उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे व पद्धती

१) बौद्धिक ऱ्हासाविषयीच्या धारणांमध्ये झालेल्या ऐतिहासिक बदलांचा मागोवा घेणे.
२) भारतात, विशेषतः महाराष्ट्र व गोवा येथे झालेल्या अभ्यासांचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) लासलगाव परिसरातील ज्येष्ठांच्या पिढीची जडणघडण आणि बौद्धिक ऱ्हासाचे सामाजिक व मानसिक घटक यांचा संबंध तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन, जनगणना, कायदे व शासकीय धोरणे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

परंपरेतील वार्धक्य : शब्द आणि धारणा

भारतीय परंपरेत वार्धक्याचा विचार नवीन नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये रसायनतंत्राचा, म्हणजेच जरा दूर ठेवणाऱ्या चिकित्सेचा समावेश आहे. चरकसंहितेने धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशाला 'प्रज्ञापराध' या संकल्पनेत महत्त्वाचे स्थान दिले. 'स्मृतिभ्रंश' हा आज आजाराचे नाव म्हणून वापरला जाणारा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही येतो, मात्र तेथे त्याचा संबंध वयाशी नसून क्रोध व मोह यांच्याशी आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्यात होणाऱ्या शरीराच्या दुरवस्थेचे तपशीलवार चित्र येते. ते चित्र रोगाचे निदान करण्यासाठी नाही. तारुण्यातच सावध व्हावे, हा त्यामागील हेतू आहे.

लोकभाषेत मात्र वेगळे शब्द रूढ झाले. 'म्हातारचळ', 'भ्रमिष्ट', 'चळ लागला' हे शब्द वृद्धाच्या वागण्यातील बदल नोंदवितात, पण त्याचबरोबर त्याची थट्टाही करतात. दुसरीकडे साठाव्या वर्षी षष्ट्यब्दीपूर्ती आणि ऐंशी वर्षे ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन सोहळा करून त्याच वृद्धाचा गौरवही केला जातो. आदर आणि उपेक्षा यांचे हे सहअस्तित्व मराठी कुटुंबाच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. 'म्हातारचळ' म्हटले की प्रश्न मिटतो, औषधोपचाराची गरज उरत नाही आणि वागण्यामागील कारण शोधण्याचीही गरज उरत नाही. शब्दच जणू निदान ठरतो.

वैद्यकशास्त्राचा प्रवास : मेंदू की माणूस?

आधुनिक वैद्यकशास्त्रातील या विषयाचा इतिहास जर्मनीत सुरू होतो. १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात ऑगस्टे डेटर ही पन्नाशीतील स्त्री स्मृती व वर्तनातील बिघाडामुळे दाखल झाली. तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या मानसोपचारशास्त्राच्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. त्या काळात हा तुलनेने तरुण वयात होणारा दुर्मीळ आजार समजला गेला. सामान्य वृद्धांचे विसरणे मात्र 'वयाचा परिणाम' या सदरातच राहिले.

१९३० च्या दशकात अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड रॉथशिल्ड यांनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. काही व्यक्तींच्या मेंदूत मोठे बदल आढळूनही त्यांची बुद्धी शाबूत होती, तर काहींच्या मेंदूत अल्प बदल असूनही बुद्धीचा ऱ्हास गंभीर होता. मेंदूतील बदल हेच एकमेव कारण असेल, तर ही विसंगती कशी समजावून घ्यायची? व्यक्तीचे पूर्वायुष्य, स्वभाव, आघात सोसण्याची क्षमता आणि परिस्थिती यांवर त्यांनी भर दिला. १९६८ मध्ये ब्रिटनमधील न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी मेंदूतील बदलांचे प्रमाण आणि ऱ्हासाची तीव्रता यांतील संबंध दाखविला आणि पारडे पुन्हा मेंदूच्या बाजूला झुकले. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी वृद्धांमधील ऱ्हास आणि अल्झायमरचा आजार हे मुळात एकच असल्याचे आग्रहाने मांडले. त्यामुळे दुर्मीळ समजला जाणारा आजार एकाएकी लाखो लोकांचा आजार बनला.

गंमत अशी की, रॉथशिल्ड यांचा प्रश्न पुढे कॅट्झमन यांच्याच कामातून परत आला. १९८८ मध्ये त्यांच्या गटाला अशा वृद्ध व्यक्ती आढळल्या, ज्यांच्या मेंदूत आजाराच्या खुणा होत्या, परंतु हयातीत त्यांची बुद्धी चांगली होती. यातून 'राखीव क्षमता' ही संकल्पना पुढे आली आणि याकोव्ह स्टर्न यांनी तिला 'बौद्धिक राखीव' असे व्यापक रूप दिले. शिक्षण, गुंतागुंतीचे काम आणि समृद्ध सामाजिक जीवन यांमुळे मेंदू आघात अधिक काळ सोसू शकतो, असे हा विचार सांगतो. डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ कॅथलिक जोगिणींच्या अभ्यासातून याला वेगळा आधार दिला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात ज्यांची भाषा विचारसमृद्ध होती, त्यांच्यात उतारवयात बौद्धिक ऱ्हास कमी आढळला.

याच काळात ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड यांनी सामाजिक वर्तनाकडे लक्ष वेधले. १९९७ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, आजारी व्यक्तीशी लहान मुलासारखे वागणे, तिच्यासमोर तिच्याविषयी परस्पर बोलणे, तिला घाई करणे, तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे या गोष्टी तिची अवस्था आणखी खालावतात. हे वर्तन दुष्टपणातूनच होते असे नाही. बहुतेक वेळा ते अजाणतेपणी घडते. 'त्यांना काय कळतंय आता' हे मराठी घरांत ऐकू येणारे वाक्य याच प्रकारात मोडते.

भारतीय अभ्यास : दिसणारा आणि न दिसणारा ऱ्हास

भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९९० च्या दशकात आकाराला आला. १९९२ मध्ये केरळमधील कोची येथे अल्झायमर व संबंधित आजारांविषयीची भारतीय संस्था स्थापन झाली. हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली, विजय चंद्रा व सहकाऱ्यांनी भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास केला. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर असल्याने पाश्चात्त्य चाचणी जशीच्या तशी वापरणे अन्यायाचे ठरले असते. लिहून दाखविण्याचा किंवा वाचण्याचा प्रश्न आला की निरक्षर व्यक्ती नापास होणार, मग तिची स्मृती कितीही तल्लख असो. म्हणून १९९५ मध्ये या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले आणि पुढे दैनंदिन क्षमता मोजण्यासाठी स्वतंत्र भारतीय मापनश्रेणी बनविण्यात आली.

बल्लभगड येथे आढळलेले स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जगातील अत्यल्प प्रमाणांपैकी एक होते. शिक्षण कमी तेथे ऱ्हास जास्त, या अपेक्षेला हा निष्कर्ष छेद देणारा होता. याची कारणे अनेक असू शकतात. आजार झालेल्या व्यक्ती अल्पकाळच जगत असाव्यात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. निदानासाठी दैनंदिन व्यवहारात अडचण येते, असे कुटुंबाने सांगावे लागते. जेथे वृद्धाकडून कोणत्याही व्यवहाराची अपेक्षाच नसते, तेथे अडचण लक्षात कशी येणार? २००८ मध्ये १०/६६ संशोधन गटाने विविध देशांतील अभ्यास प्रसिद्ध केला. जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्यावर दहा टक्क्यांहूनही कमी संशोधन होते, या वस्तुस्थितीवरून या गटाचे नाव पडले. पाश्चात्त्य निकषांनुसार ग्रामीण भारतात प्रमाण केवळ ०.३ टक्के आढळले. त्याच गटाने विकसनशील समाजांसाठी तयार केलेले निकष लावले असता निरनिराळ्या देशांतील ठिकाणी हे प्रमाण ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले. म्हणजे ऱ्हास होता, पण कुटुंबाच्या नजरेला तो ऱ्हास वाटत नव्हता.

मराठी प्रदेशाच्या दृष्टीने गोव्यातील अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणात्मक अभ्यासात असे आढळले की, लोक स्मृतिभ्रंशाची लक्षणे अचूक ओळखत होते, परंतु त्याला आजार मानत नव्हते. तो वयाचा स्वाभाविक भाग समजला जात होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच भेटत, मात्र गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना ते ठाऊक होते. मुलांकडून होणारी उपेक्षा व प्रेमाचा अभाव हेच कारण अनेकांनी सांगितले. पुढे जाऊन असेही दिसले की, एकत्र कुटुंबाची सेवा सर्वत्र विश्वासार्ह नव्हती आणि अनेकदा ती वडिलोपार्जित मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून होती. २००८ मध्ये अमित डायस व सहकाऱ्यांनी गोव्यातील ८१ कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविले की, स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्यास सेवा करणाऱ्या नातेवाइकांवरील मानसिक ताण कमी होतो.

मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९९८ मधील ग्रंथात वाराणसीच्या अभ्यासातून हाच धागा मांडला आहे. तेथे वृद्धाचे बिघडलेले मन हे 'वाईट कुटुंबा'चे लक्षण समजले जात होते. या धारणेत सत्याचा अंश असला, तरी तिची दुसरी बाजूही आहे. मनापासून सेवा करणाऱ्या सुनेवर व मुलावरही ती दोष ठेवते आणि लोकलज्जेपोटी कुटुंब आजार लपवू लागते.

अलीकडच्या काळात मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७ पासून देशव्यापी दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी पार पाडली. त्याच्याशी संलग्न निदानात्मक अभ्यासाच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. 'हा शहरी, श्रीमंतांचा आजार' ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

लासलगाव परिसर : एका पिढीची जडणघडण

अ) शाळेचा इतिहास : महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. मुंबई प्रांतात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली, १९२३ मध्ये स्थानिक मंडळांना अधिकार देणारा कायदा झाला आणि १९४७ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला. नाशिक जिल्ह्यात १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. परंतु कायदा, संस्था आणि प्रत्यक्ष शाळेत बसलेली मुलगी यांत मोठे अंतर होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता १८.३३ टक्के होती. पुरुषांमध्ये ती २७.१६, तर स्त्रियांमध्ये केवळ ८.८६ टक्के होती.

१९५० च्या आसपास शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला काय आले, हे या आकड्यांवरून समजते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, निंदणीला जाणे आणि लवकर लग्न हा तिचा अभ्यासक्रम होता. दलित व भूमिहीन कुटुंबांतील मुलींच्या बाबतीत जातीची भिंत आणखी उंच होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन राज्यभर पसरलेल्या ग्राम शिक्षण मोहिमेने प्रौढांना अक्षरओळख दिली, तरी बालपणी गमावलेली शाळेची वर्षे परत येणे शक्य नव्हते. भारतीय वार्धक्य अभ्यासाच्या २०१० मधील प्राथमिक टप्प्यातही याला पुष्टी मिळते. तेथे दक्षिणेकडील राज्यांत स्त्रियांचे बौद्धिक चाचण्यांतील मागेपण बहुतांशी शिक्षणादी सामाजिक घटकांनी उलगडले, तर उत्तरेकडील राज्यांत ते तेवढ्यानेही पूर्ण उलगडले नाही. याचा अर्थ, स्त्रियांच्या उतारवयातील ऱ्हासामागे निसर्गापेक्षा इतिहासाचा हात अधिक असू शकतो.

आ) बाजार, शेती आणि शाळेबाहेरची बुद्धी : शाळेत न गेलेल्या व्यक्तीकडे बौद्धिक राखीव काहीच नसते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. ज्या वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, त्याच १९४७ मध्ये लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. या बाजाराने शेतकरी, अडते, व्यापारी, मापारी, हमाल आणि कांदा निवडणाऱ्या स्त्रिया अशा अनेकांना रोजच्या व्यवहाराचे शिक्षण दिले. पोळ, रांगडा आणि उन्हाळ कांद्याच्या हंगामांचे गणित वेगवेगळे असते. उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस ठेवायचा, तो कधी फोडायचा, बियाण्यासाठी डोंगळ्यांना कोणता कांदा निवडायचा, रंग व कातडीवरून टिकाऊपणा कसा ओळखायचा, हे सर्व निर्णय स्मृती व तुलनात्मक विचार यांवर आधारलेले असतात.

या पिढीने हिशोबाच्या पद्धतीतील मोठे संक्रमणही पचविले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपये-आणे-पै मागे पडले. १९५६ च्या कायद्यानंतर शेर व मण जाऊन किलो व क्विंटल आले. ज्यांना शाळा मिळाली त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ केली होती. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशोब केला. एका मापातून दुसऱ्या मापात मनातल्या मनात रूपांतर करणे ही बुद्धीची मोठी कसरत होती. शिवाय जात्यावरील ओव्या, हरिपाठ, अभंग यांचा मौखिक साठा स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केला.

बौद्धिक चाचणीत आजची तारीख विचारली जाते. वयोवृद्ध शेतकऱ्याला ती सांगता येणार नाही, पण तिथी, नक्षत्र व आठवडे बाजाराचा वार तो अचूक सांगेल. म्हणून ग्रामीण मराठी ज्येष्ठांची तपासणी करताना चाचणीची भाषाच नव्हे, तर तिच्यातील जीवनानुभवही मराठी असला पाहिजे. अन्यथा निरोगी व्यक्ती रुग्ण ठरेल. याउलट, ज्या बाईने चाळीस वर्षे कांद्याची प्रतवारी केली तिचे हात अचानक अडखळू लागले, तर तो ऱ्हासाचा अत्यंत महत्त्वाचा संकेत असतो. तो टिपण्याची सोय कोणत्याही छापील चाचणीत नाही.

इ) स्थलांतर, एकटेपणा आणि सातबारा : १९६० नंतर नाशिक शहरातील औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना आणि मुंबई-पुण्याचा रोजगार यांनी ग्रामीण तरुणांना आकर्षित केले. लासलगाव रेल्वेमार्गावर असल्याने येथून बाहेर पडणे सोपे होते. शिकलेली मुले नोकरीसाठी गेली आणि घरी आईवडील राहिले. दुसरीकडे, ज्या घरांत मुले शेतीवर आहेत तेथेही निर्णयाची सूत्रे हळूहळू हस्तांतरित झाली. बाजारभाव भ्रमणध्वनीवर येऊ लागले, पैसे बँकेत जमा होऊ लागले आणि वृद्धाचा अनुभव व्यवहारातून बाद होऊ लागला. बाजाराला जाणे हा ज्यांचा उदरनिर्वाहाइतकाच सामाजिक जीवनाचाही भाग होता, त्यांच्या दृष्टीने हे निवृत्त होणे म्हणजे माणसांतून उठणे ठरते.

जमिनीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. सातबाऱ्यावरील नाव उतरले की घरातील शब्दाचे वजन उतरते, असा ग्रामीण भागातील सार्वत्रिक अनुभव आहे. गोव्यातील अभ्यासाने सेवा आणि वारसा यांतील जो संबंध दाखविला, त्याचे हे मराठी रूप होय. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली न गेल्यास, रद्द करून घेता येते. मात्र ज्याची स्मृतीच क्षीण झाली आहे, अशा व्यक्तीने ही दाद कशी मागावी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ई) नैराश्य, श्रवण आणि दृष्टी : जोडीदाराचा मृत्यू, कर्ज, पडलेले भाव आणि शारीरिक परावलंबन यांतून येणारे नैराश्य वृद्धांमध्ये अनेकदा विसराळूपणाच्या रूपाने प्रकट होते. योग्य उपचारांनी अशी व्यक्ती पुष्कळदा सुधारते. थायरॉईडचे विकार व 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता हीदेखील अशीच उपचार करता येणारी कारणे आहेत. परंतु 'म्हातारचळ' या एका शब्दाने ही सर्व कारणे झाकली जातात. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने कमी शिक्षण, बहिरेपणा, नैराश्य, सामाजिक एकाकीपणा, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषित हवा इत्यादी चौदा घटक नोंदविले. हे घटक दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा अंदाज त्यात आहे. यांपैकी बहिरेपणाचा वाटा ७ टक्के, तर कमी शिक्षण व एकाकीपणा यांचा प्रत्येकी ५ टक्के आहे. अर्थात हे जागतिक अंदाज आहेत आणि संबंध म्हणजे सिद्ध कारण नव्हे. एकाकीपणामुळे ऱ्हास होतो, तसाच सुरू झालेल्या ऱ्हासामुळेही माणूस एकाकी पडतो. तरीही ऐकू येत नाही म्हणून पारावर न जाणाऱ्या आजोबांना श्रवणयंत्र मिळाले तर त्यात तोटा काहीच नाही, हे उघड आहे.

नटसम्राट ते अस्तु : बदललेली जाणीव

मराठी समाजाच्या जाणिवेतील बदल रंगभूमी व चित्रपट यांतून स्पष्ट दिसतो. नाशिककर वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले. आप्पासाहेब बेलवलकर यांनी सर्वस्व मुलांना दिले आणि त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. त्यांच्या मनाची पडझड ही उपेक्षेची परिणती म्हणून प्रेक्षकांनी स्वीकारली. २०१३ मधील सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगविलेले संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. येथे मुलगी दुष्ट नाही, ती थकलेली आहे, आणि वडिलांना माणुसकीने समजून घेते ती हत्तीच्या माहुताची बायको. चार दशकांत प्रश्न 'दोषी कोण' येथून 'सोबत कशी करावी' येथे आला. विद्वत्ता असूनही ऱ्हास होऊ शकतो, हेही या चित्रपटाने सूचित केले. राखीव क्षमता आजार लांबवू शकते, पण अभय देऊ शकत नाही.

शासकीय धोरणे आणि स्थानिक शक्यता

केंद्र शासनाने १९९९ मध्ये ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये राज्याचे धोरण आणले आणि २०१८ मध्ये ज्येष्ठत्वाची वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस. टी. प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलतींकडे केवळ आर्थिक दृष्टीने पाहणे अपुरे आहे. लेकीच्या गावी जाणे, बाजाराला जाणे, पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला जाणे यांमुळे माणसांचा संपर्क टिकतो. २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी तीन हजार रुपयांचे साहाय्य आहे. बहिरेपणा व अधू दृष्टी हे ऱ्हासाशी निगडित घटक असल्याने ही योजना नकळत बौद्धिक आरोग्याचीही योजना ठरते.

गावपातळीवर हरिनाम सप्ताह, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि ग्रंथालय या संस्था आधीपासूनच उपलब्ध आहेत. पाठांतर, सामूहिक गायन, चालणे आणि गाठीभेटी हे सारे त्यांत आहे. मात्र ज्याला विस्मरण सुरू झाले त्याला लाजेपोटी घरी ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. नेमकी त्याच वेळी त्याला या संगतीची सर्वाधिक गरज असते.

निष्कर्ष

१) वार्धक्यातील बौद्धिक ऱ्हास हा केवळ वयाचा किंवा केवळ मेंदूचा प्रश्न नाही. शिक्षण, श्रम, कुटुंबातील स्थान व मानसिक अवस्था यांचा त्यात मोठा वाटा आहे.

२) आजच्या ग्रामीण ज्येष्ठांचा, विशेषतः स्त्रियांचा धोका काही अंशी विसाव्या शतकातील शिक्षणातील विषमतेचा वारसा आहे. मुलींच्या शिक्षणावर झालेला आजचा खर्च हा उद्याच्या वृद्धांच्या बुद्धीचेही रक्षण करणारा आहे.

३) औपचारिक शिक्षण नसलेल्या पिढीकडे शेती, बाजार व मौखिक परंपरेतून आलेली बुद्धी आहे. तिची दखल घेणाऱ्या मराठी व ग्रामीण अनुभवावर आधारित तपासणी पद्धतीची आवश्यकता आहे.

४) वृद्धांकडून कमी अपेक्षा ठेवल्याने ऱ्हास उशिरा लक्षात येतो आणि व्यवहारातून बाद केल्याने तो वाढण्याची शक्यता असते. त्यामुळे घरातील व शेतीतील लहानमोठ्या निर्णयांत त्यांचा सहभाग राखणे हा उपचाराचाच भाग समजावा.

५) सर्व दोष कुटुंबावर ठेवणे अन्यायकारक आहे. गोव्याच्या धर्तीवर आशा कार्यकर्त्या व स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिल्यास सेवा करणाऱ्या कुटुंबांना, प्रामुख्याने सुना व मुलींना, आधार मिळू शकेल.

६) लासलगावसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांमार्फत ज्येष्ठांच्या मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतल्यास दुहेरी लाभ होईल. बाजार, शेती व स्त्रीजीवनाचा अलिखित इतिहास नोंदला जाईल आणि आपले बोलणे कोणीतरी लिहून घेत आहे, ही जाणीव त्या वृद्धांच्या मनाला बळ देईल. ज्यांच्या स्मृतीवर गावाचा इतिहास उभा आहे, त्यांची स्मृती जपणे हे समाजाचे ऋण फेडणेच होय.